आईने फोनवर सांगितलेली तब्येत

१२ नोव्हेंबर, बुधवार. गोधड्या उन्हात घालायच्या होत्या. मनीषनगरच्या आमच्या घराच्या गच्चीवर दुपारपर्यंत चांगलं ऊन असतं, म्हणून मी सकाळीच सगळ्या वर नेल्या. दरवर्षी आई सोबत येते आणि मी त्या कशा चुकीच्या पसरते ते सांगते. या वर्षी म्हणाली, "तू जाय, मी खाली तुरीच्या शेंगा सोलत बसते." मला बरंच वाटलं. काम लवकर झालं.

खाली आले तर आई खुशीत होती.

"एका डॉक्टरीणबाईचा फोन आलता. लई गोड बोलली. विम्यातून बोलून राहिली म्हणे."

"काय विचारलं तिनं?"

"शुगर आहे का, बीपी आहे का, दवाखान्यात भरती झाल्या होत्या का. मी सांगतलं, काईच नाही बाई, मी ठणठणीत आहो."

मी तिथेच पाटावर बसले. आईला शुगर आहे, बीपी आहे, आणि गेल्या वर्षी छातीत दुखलं म्हणून दोन दिवस भरती होती. हे सगळं तिच्या नव्या विम्याच्या अर्जात मी स्वतः लिहून दिलं होतं. कंपनीची डॉक्टर फोन करून तेच पडताळते आणि बोलणं रेकॉर्ड होतं, हेही मला माहीत होतं. फोन येईल हे आईला सांगायचं तेवढं राहिलं.

"काहून सांगितलं असं?"

"मंग? ओळख ना पाळख, त्या बाईले दुखणं सांगत बसू का? कोणी तब्येत विचारली का बरी आहे म्हणाव."

तिच्या माहेरी, पारशिवनीकडे, तिच्या पिढीच्या सगळ्या बायका हेच म्हणतात. दारात आलेल्या माणसाला घरचं आजारपण सांगायचं नाही. त्यात तिचं काही चुकलं असं तिला वाटणंच शक्य नव्हतं.

मी महिनाअखेरीला नोकरी सोडणार होते. आईचा विमा माझ्या ऑफिसच्या पॉलिसीत होता, तो त्याच दिवशी संपणार होता. तिच्या वयाला नवा विमा सहज मिळत नाही. म्हणून मी लकडगंजातल्या एका ब्रोकरकडे गेले होते. त्याचं ऑफिस लाकडाच्या वखारीच्या वर आहे. आरा चालू असला की थांबून थांबून बोलावं लागतं. तो एका कंपनीचा माणूस नाही, अनेक कंपन्यांच्या पॉलिसी समोर ठेवतो. स्वस्त पॉलिसीवर मी बोट ठेवलं तेव्हा म्हणाला, "हिच्यात खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे. महाग खोली घेतली तर नुसतं भाडं नाही, बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात." दुसरीत प्रत्येक बिलाचा काही भाग आपण भरायचा, पण जुन्या आजारांचा खर्च मिळायला थांबायची मुदत कमी. आम्ही तिच्यासाठी अर्ज केला होता.

माझा मामेभाऊ विमा एजंट आहे. घरचा एजंट असताना मी बाहेर गेले, याचा त्याला राग होताच. आईने त्याला फोन करून सगळं सांगितलं, आणि त्याने मला फोन लावला.

"ताई, आत्यानं पेपर फर्स्ट क्लास सोडवला. आता तू काहून टेन्शन घेऊन राहिली? पॉलिसी आरामात निघेल."

"अर्जात वेगळं लिहिलं आहे."

"मंग अर्जात चूक झाली म्हणाव. सांग तुह्या लकडगंजवाल्या सायबाले, दुरुस्त करून देईल."

खोटं सांगायला मला जमत नाही अशातला भाग नाही. अठरा दिवसांत विमा संपत होता आणि एक सोपा रस्ता समोर होता. मी ब्रोकरला विचारलंच, अर्ज बदलला तर काय होईल.

"पॉलिसी निघेल," तो म्हणाला. "माझं कमिशनही येईल. पण आई भरती झाल्या की कंपनी जुने कागद मागवेल. गेल्या वर्षीच्या डिस्चार्जवर शुगर लिहिलेली आहे. क्लेम गेला समजा."

"आणि खरं सांगितलं तर?"

"नाकारूही शकतात. मी खात्री देणार नाही. उद्या सकाळी परत फोन करायला सांगतो. पण ताई, बोलायचं आईंनीच. तुम्ही मधे बोललात तर चालणार नाही."

संध्याकाळभर आई ऐकेना.

"आज एक सांगाव, उद्या दुसरं. ती बाई म्हणन, म्हातारी खोटारडी आहे."

"म्हणू दे."

"तुले काय जाते वं म्हणाले. नाव तर माह्यं जाते."

मी आवाज चढवला. ती ताट तसंच सोडून उठली. रात्री तिच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता, आणि मी आत गेले नाही.

सकाळी मी तिच्या गोळ्यांची पाकिटं काढून तिच्यासमोर ठेवली आणि फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टरने विचारलं, "आजी, तब्येत कशी आहे?"

"बरी आहे," आई म्हणाली. मी ओठ दाबून बसले. आईने पाकिटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही बाई. कालचं माह्यं बोलणं धरू नका. मले शुगर आहे. बीपीची गोळी आहे. मागच्या साली दवाखान्यात होती."

"आणखी काही त्रास?"

मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात ती बोलली.

"जिना चढला का छातीत भरून येते. दिवाळीपासून. पोरीले सांगतलं नाही."

पलीकडे टाइप केल्याचा आवाज येत राहिला. मग डॉक्टर म्हणाली, कळवू. फोन बंद झाला.

"आता देतीन का विमा?" आईने विचारलं.

"माहीत नाही."

मी फोन हातातून खाली ठेवलाच नाही. आमच्या डॉक्टरांचा नंबर लावला, अकराची वेळ घेतली आणि तिला चप्पल घालायला सांगितलं.