कराराबाहेरचा फ्यूज

पालघरच्या एका सरकारी कचेरीतल्या त्या भाऊसाहेबांना मी कधी हसताना पाहिलं नाही. खिशात तीन पेनं आणि तोंडी एकच प्रश्न, "करारात बसतं का?" चहात साखर कमी पडली तरी हेच विचारायचे.

तेव्हा कॉम्प्युटर नवे होते. राज्यातल्या सगळ्या कचेऱ्यांसाठी एकाच कंपनीशी करार झाला होता. मशीन तिचं, दुरुस्तीही तिचीच. तिचा इंजिनिअर मुंबईहून यायचा, म्हणजे बहुतेक यायचाच नाही. मी बोईसरच्या कारखान्यांत इलेक्ट्रिकची कामं करायचो, पण करारात मी कुठे होतो?

एकदा मशीन पंधरा दिवस बंद होतं. नवापूरची एक मावशी मुलीच्या दाखल्यासाठी चौथ्यांदा आली, तेव्हा मीही माझ्या एका कामासाठी कचेरीतच होतो. "उद्या शेवटचा दिवस हाय, भाऊ," ती म्हणाली.

जेवणाची सुट्टी झाली होती. भाऊसाहेबांनी दार लावलं आणि मला म्हणाले, "मिस्त्री, बघा जरा. मी बघत नाही."

फ्यूज उडाला होता. मी नवा बसवला. दाखला घेऊन मावशी गेली.

"आता जुनाच फ्यूज परत घाला."

"अहो, चाललंय की मशीन!"

"तक्रार नोंदवलीय. इंजिनिअरला मशीन चालू दिसलं, तर खोट्या तक्रारीची नोटीस मला."

मी जुना घातला. नवा त्यांनी पेनांमागे जपून ठेवला.

इंजिनिअर महिन्याने उगवला. तोवर भाऊसाहेब फ्यूज बदलायला शिकले होते, आणि त्या कचेरीत काम फक्त जेवणाच्या सुट्टीत होत होतं.