स्वयंभूचा डबा

गल्लीत त्याला सगळे स्वयंभू म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. दिवसभर हा माणूस फरश्यांच्या दुकानात उभा राहून लोकांच्या गळ्यात तयार माल मारतो आणि घरी आला की तयार वस्तूचं नाव काढलं तरी त्याचं डोकं सणकतं. "मी स्वतः करीन की!" यानं स्वतः जोडलेल्या नळाचं पाणी भिंतीत जातं. यानं स्वतः बसवलेली बेल दिवा लावला की वाजते. बायकोनं त्यावर बोलणं कधीच सोडलंय. ती औषधांच्या दुकानात बसते. तिथे गिऱ्हाइकाला निदान दोनदा सांगून कळतं.

यंदाचं खूळ म्हणजे डबा. जाडजूड पुस्तकाएवढी काळी पेटी, आत हार्डडिस्क, वायरनं राउटरला जोडलेली. घरातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ तिच्या पोटात. पासवर्ड अर्थातच एकट्या स्वयंभूला ठाऊक.

त्या डब्यात सासरे होते. म्हणजे स्वयंभूच्या वारलेल्या वडिलांचा एकुलता एक व्हिडिओ: मोडक्या खुर्चीला खिळे ठोकताहेत, आणि मधेच मान वर करून आपल्या बायकोला हाक मारताहेत, "अगंऽऽ, इकडं ये जरा." उभ्या संसारात त्यांनी तिला नावानं हाक मारली नाही. अगं हेच तिचं नाव. सासूबाईंच्या डोळ्यांपुढे आता नुसता धुरळा असतो. त्यांचं मागणं एवढंच होतं, "ह्यांचा आवाज विसरत चाललेय रे. एकदा ऐकव."

आता शहाणा माणूस काय करील? कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावील आणि मोकळा होईल. पण शहाणपण आणि स्वयंभू यांची गाठ पडायची आहे अजून. त्याला व्हिडिओ टीव्हीवरच दाखवायचा होता आणि टीव्हीला ती जुनी फाइल पचेना. म्हणजे फाइल नव्या प्रकारात बदलणं आलं. बायकोचा भाऊ मोबाइल दुरुस्त करतो. तो म्हणाला, "भाऊजी, फाइल द्या इकडे, चहा होईपर्यंत बदलून देतो."

"बाबांना तुझ्या दुकानात पाठवू?" स्वयंभू कडाडला.

बदलून देणारं सॉफ्टवेअर तयार मिळतं, वर फुकट मिळतं. छे! याला त्याचा मूळ कोड उतरवून, डब्याच्या मापाचा, स्वतः कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालता प्रोग्राम घडवायचा होता. डब्यात तेवढा दम नाही, म्हणून तो खटाटोप घरच्या कॉम्प्युटरवर. आणि कॉम्प्युटर कामात, म्हणून कुणी त्याला हात लावायचा नाही. पडद्यावर अक्षरांच्या मुंग्या सरसर वर जायच्या, शेवटी चूक दाखवणारी लाल ओळ यायची. मग हा कपाळावर हात मारायचा, कुठलासा पर्याय बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

"अहो, मधे थोडा वेळ बाबांचा व्हिडिओ लावा की," बायको म्हणाली.

"मधे हात घातला तर सगळी मेहनत पाण्यात! आई, तू थांब जरा. चित्र असं काढतो बघ, एकेक खिळा मोजशील."

"मला दिसतं कुठे रे?" सासूबाई म्हणाल्या.

ते त्यानं ऐकलंच नाही. या घरात ऐकायचं काम बायकांकडे आहे.

मग एके दिवशी लाल ओळ आली नाही. स्वयंभू घरभर नाचला. डब्यातले सगळे व्हिडिओ त्यानं बदलायला लावले आणि सुट्टीच्या सकाळी आईला हाताला धरून टीव्हीपुढे आणून बसवलं.

सासरे आले. चित्र झकास होतं, खोटं कशाला बोला. नाकावरचा घामसुद्धा दिसत होता. सासूबाईंनी एक कान टीव्हीकडे केला. हातोडी खिळ्यावर पडत होती.

"सुरू झालं का?"

स्वयंभूनं रिमोट दाबला. आवाज वाढवला, आणखी वाढवला. टीव्हीमागची वायर हलवली. मग त्याचा चेहरा उतरला.

"कंपाइल आवाजापाशी अडत होतं," तो बायकोला हळूच म्हणाला. "म्हणून तेवढा भाग बंद केला होता. नंतर जोडणार होतो. राहून गेलं."

"मग जुनी फाइल लावा."

"नवी झाली की जुनी पुसायची, असा हुकूम लिहून ठेवला होता. डब्यात जागा व्हावी म्हणून."

"कुणी लिहिला?"

 ती डबा उचलून त्याच्या डोक्यातच घालणार होती. पण सासूबाईंचे कान शाबूत होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.  त्या टीव्हीच्या उजेडाकडे तोंड करून नुसत्या बसून राहिल्या.

पडद्यावर सासऱ्यांनी मान वर केली. ओठ हलले.

"म्हणाले का गं?" सासूबाईंनी सुनेला विचारलं.

"म्हणाले," सून म्हणाली.  "अगं, इकडं ये जरा."

"असं नाही. लांबवून म्हणायचे." सासूबाई मुलाच्या दिशेला वळल्या. "तू म्हण बरं. तुझा आवाज त्यांच्यावरच गेलाय."

स्वयंभूनं तोंड उघडलं. व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून लागला होता. वर बापाचे ओठ हलत होते, खाली मुलाचे, आणि आवाज कुणाचाच येत नव्हता.