विंचूरच्या गुरुजींचे नव्वद टक्के

आधी चहा घ्या. आणि हसू आलं तर कपातच हसा, कारण हे सांगताना माझे कान अजून तापतात.

परदेशात कॉम्प्युटर शिकून मी नाशिकला परतले ती इथली आरोग्यसेवा बदलायला. सगळी! निदान गंगापूर रोडपासून पंचवटीपर्यंत तरी. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रुजू झाले आणि दिवसभर सगळ्यांना भविष्यकाळ समजावून सांगू लागले. मध्यंतरी माझे टॉन्सिल काढावे लागले, तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवस बोलायला बंदी घातली. ते पंधरा दिवस लॅबमध्ये अजून प्रेमाने आठवतात.

तर माझं काम काय? लिम्फोमा नावाचा गाठींचा कॅन्सर असतो. तो किती वेगाने वाढतोय हे कळावं म्हणून बायोप्सीच्या, म्हणजे गाठीतून काढलेल्या तुकड्याच्या, पातळ कापाला एक खास रंग देतात. वाढीला लागलेल्या पेशी तपकिरी दिसतात. तपकिरी जास्त, तर आजार घाईत. लॅबच्या मुख्य डॉक्टर, आमच्या मॅडम, मायक्रोस्कोपमधून बघून शंभरात किती पेशी तपकिरी तो आकडा सांगायच्या.

"डोळ्यांनी अंदाज? या काळात?" मी विचारलं होतं.

"तीस वर्षांचे डोळे आहेत," मॅडम म्हणाल्या.

मी ईर्ष्येने प्रोग्रॅम लिहिला. स्लाइडचा फोटो दिला की सगळ्यांत तपकिरी भाग तो स्वतःच हुडकायचा आणि एकेक पेशी मोजायचा. चाचणीपुरताच वापरायचा, निकाल मॅडमच सांगणार, असं ठरलं होतं. ठरलं होतं!

त्या दिवशी विंचूरचे गायकवाड गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, मानेत गाठ, सोबत मुलगी. आजार सावकाश चालणारा दिसतोय, असं मॅडम आधीच म्हणाल्या होत्या. फक्त हा आकडा यायचा होता. मॅडम बाहेर गेलेल्या, टेक्निशियन शाहीनआपा जेवायला. मी स्लाइड स्कॅन केली.

नव्वद टक्के!

मॅडम चुकल्या! आणि एक जीव वाचवायला मीच इथे होते! तेवढ्यात मुलीने दारातून विचारलं, "ताई, झालं का आमचं?"

गप्प बसायला काय झालं होतं मला?

"आजार फार वेगात आहे," मी म्हणाले. "थांबू नका. आजच मुंबई गाठा."

मुलगी मटकन खाली बसली. गुरुजींनी खिशातला पेन काढला, पुन्हा आत ठेवला. "बरं," एवढंच म्हणाले.

मग फोन सुरू झाले. तासाभरात विंचूरहून जीप आली. तिच्यातून दोन पुतणे, एक आत्या आणि कपड्यांची पिशवी उतरली. आत्याने कॉरिडॉरमध्येच हंबरडा फोडला. "लय सोसलं रं माझ्या भावानं!" गुरुजी तिलाच समजावत होते. मी गंभीर चेहऱ्याने सगळ्यांना पाणी देत होते. खरं सांगू? मनातून मला जरा थोर वाटत होतं. सगळ्यांत जास्त लाज मला त्याचीच वाटते.

शाहीनआपा डबा घेऊन आल्या, गर्दी बघून थबकल्या. "क्या हुआ?"

मी स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"इंजिनिअर मॅडम, स्लाइडवर तुकडे किती आहेत?"

"दोन."

"गुरुजींचा कुठला?"

"दोन्ही... नाहीत?"

"खालचा गुरुजींचा. वरचा दुसऱ्याचा टॉन्सिल आहे. निरोगी टॉन्सिलमध्येसुद्धा पेशी भराभर वाढतात. म्हणून प्रत्येक स्लाइडवर आपण त्याचा एक काप ठेवतो, रंग नीट चढला की नाही ते कळायला. तुमच्या मशीनने तोच मोजला!"

मी शिकले तिथे आम्हाला फोटो आयते कापून मिळायचे. अख्खी स्लाइड मी आयुष्यात कधी नीट पाहिलीच नव्हती.

मॅडम आल्या, मायक्रोस्कोपला डोळा लावला. गुरुजींच्या कापात तपकिरी पेशी तुरळक होत्या. आजार होता, पण सावकाशच. मुंबईची घाई नव्हती.

"जा," मॅडम म्हणाल्या. "तूच सांग."

गेले. सांगितलं. हात जोडले. आत्याचं रडणं मध्येच थांबलं. "मंग आता जायचं नाय का?"

गुरुजींनी दीर्घ श्वास सोडला. "बाई, चौतीस वर्षं पेपर तपासले मी. आधी नाव बघावं, मग मार्क द्यावेत. तुम्ही दुसऱ्याचे मार्क माझ्या नावावर टाकले!"

पुतणे हसले. मुलगी हसली नाही. ती कपड्यांची पिशवी छातीशी धरून तशीच उभी होती. तिची नजर मला अजून आठवते.

जाता जाता गुरुजी लॅबच्या दारात वळले. "पण मग हे नव्वद टक्के मिळवले कुणी?"

मला काय माहीत! मी शाहीनआपांकडे बघितलं. त्यांनी ओढणी तोंडाला लावली.

"सांगू? तुमचाच टॉन्सिल आहे तो. आपल्याच लॅबला आला होता ना तपासायला. एवढा छान रंग घेतो, मी जपून ठेवलाय."

मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हटलं,

"घशातून काढून टाकला, तरी बोलायचा काही थांबत नाही."