साखरेचा तिसरा डबा

वसुंधरेच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायची कुणाची टाप नाही. मी तर तो नाद कधीच सोडलाय. म्हणून एका रविवारी भर दुपारी तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली उतरवून फरशीवर मांडले, तेव्हा मी पेपर उचलला आणि गुपचूप गॅलरीत जाऊन बसलो. तिथेही तिचा आवाज आलाच.

"अहो, जिऱ्याची तीन पाकिटं निघालीत. आणि मीठ नाहीये."

आता यात माझी काय चूक? मी ऑफिसातून येताना स्टेशनजवळ मला आठवेल ते घ्यायचो. ती कारखान्यातून येताना तिला आठवेल ते घ्यायची. उरलंसुरलं माझे वडील आणायचे. तिघंही आपापल्या परीने संसाराला हातभार लावत होतो आणि घरात जिरं साठत होतं. एवढं करून दर रविवारी बाजार होताच. सकाळ किराण्यात जायची, दुपार निवडण्याटिपण्यात, आणि संध्याकाळी ती पाय चोळत म्हणायची, "हाही रविवार गेला." ते ऐकलं की मला उगाचच अपराध्यासारखं व्हायचं आणि मग मी तिच्यावरच चिडायचो.

वसुंधरा वालीवला नट-बोल्टच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. तिथली पद्धत अशी की प्रत्येक मालाची दोन खोकी. पुढचं संपलं की मागचं पुढे ओढायचं आणि रिकामं खोकं दारापाशी नेऊन ठेवायचं. दारापाशी जे दिसेल तेवढंच मागवायचं. यादी करायला नको, आठवत बसायला नको. "इतक्या जातीचे बोल्ट सांभाळते मी," ती म्हणाली, "आणि घरातली तूरडाळ मला सांभाळता येत नाही म्हणजे काय?"

झालं. घरात प्रत्येक जिनसाचे दोन डबे आले. पुढचा संपला की धुऊन, पुसून, दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर पालथा घालायचा. ज्याच्या हातून संपला त्यानेच. महिन्यातून एका शनिवारी ती कारखान्यातून परस्पर घाऊक दुकानात जायची आणि पालथ्या डब्यांपुरतंच सामान रिक्षात घालून आणायची. भाजी बुधवारी, गावाकडून टोपल्या घेऊन येतात त्या बायकांकडून, एकदम आठवड्याची. मासळी रविवारी सकाळी अर्नाळ्याची बाई गेटवर घेऊन येतेच. मला खरेदीतून निवृत्त करण्यात आलं. मी तोंडदेखली कुरकुर केली, पण आतून शाळेला सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं.

आणि खोटं कशाला बोलू, पद्धत चालली. महिनाअखेरीला हातात पैसे उरायला लागले. जिरं एकाच पाकिटावर आलं. रविवारी जेवून वसुंधरा जी झोपायची ती थेट चहाच्या वेळेला उठायची. एकदा तर आम्ही दोघं राजोडीच्या किनाऱ्यावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसलो. ती म्हणाली, "किती दिवसांनी मला माझा रविवार मिळाला." तिचा चेहरा पाहून मलाही बरं वाटलं.

बिनसलं ते बाबांचं.

माझे वडील, श्रीपत, जन्मभर खाडीकाठच्या गावात शेतकरी. शेती आता धाकटा काका बघतो. आई गेल्यावर बाबांना मी इथे, वसईतल्या फ्लॅटवर घेऊन आलो. पहिले काही दिवस ते गॅलरीत उभे राहून खालच्या गाड्या बघायचे. मग त्यांनी आपलं काम शोधलं. सकाळी आलं. अकरा वाजता काडेपेटी. दुपारी चहा पावडर. संध्याकाळी कोथिंबीर. कोपऱ्यावर हंसाबेनचं दुकान आहे, तिथे दिवसातून तीन-चार फेऱ्या. जायला यायला दहा मिनिटं पुरेत, पण बाबांना तास लागायचा. मी चेष्टा करायचो, "बाबा, आलं काय गावाहून उपटून आणलंत का?" ते गालात हसायचे आणि कापडी पिशवी दारामागच्या खिळ्याला लावायचे.

दोन डबे आले आणि ती पिशवी खिळ्यालाच राहिली. "काय आनायचंय का, सुनबाई?" ते सकाळी विचारायचे. वसुंधरा शेल्फकडे बघून म्हणायची, "नाही बाबा, सगळं आहे. तुम्ही आराम करा." तिने ते मायेनेच म्हटलं हो. त्यांचे गुडघे दुखतात, तीन जिने उतरायचे. पण बाबा पुन्हा गॅलरीत उभे राहायला लागले. जेवण निम्म्यावर आलं. बोलायचं तर तेवढ्यास तेवढं. मला ते दिसत होतं, पण वयाप्रमाणे होतं असं म्हणून मी सोडून दिलं.

मग साखर संपायला लागली.

दोन्ही डबे भरलेले, आणि आठवड्याभरात दोन्ही चपलांच्या कपाटावर पालथे. "साकर संपली वाटतं," बाबा म्हणाले. "आनू?" शनिवार लांब होता. वसुंधरेने नाइलाजाने पाठवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिने आधी मुंग्यांना दोष दिला आणि मग माझ्याकडे वळली, कारण डॉक्टरांनी मला गोड कमी करायला सांगितलंय.

"खरं सांगा, तुम्ही बकाणे मारता ना?"

"अगं, दोन डबे साखर खाऊन मी असा उभा राहिलो असतो का?"

"तुमचा काही नेम नाही," ती म्हणाली आणि माझा चहा आणखी फिका झाला. मी त्या चहावर चिडत राहिलो. घरात चोर म्हणून मी एकटाच उरलो होतो.

वसुंधरेने शेवटी कारखान्यात करतात तेच केलं. जो माल पुरत नाही त्याचा साठा वाढवायचा. साखरेला तिसरा डबा आला, सगळ्यांत मोठा. तिने तो काठोकाठ भरला आणि बाबांना दाखवून म्हणाली, "आता तुम्हाला साखरेसाठी उतरायला लागणार नाही." बाबांनी डब्याकडे बघितलं. मान हलवली. रात्री जेवताना ते म्हणाले, "मी रईवारी गावाला जातो. ऱ्हातो तिकडंच."

माझा घास हातात राहिला. काकाच्या घरी त्याच्या मुलांना झोपायला जागा नाही. बाबा तिथे ओटीवर पडून राहणार, कुणी वाढलं तर जेवणार. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी समजावलं, रागावलो, नातेवाईक काय म्हणतील ते सांगितलं. "इथं काय कमी हाय?" ते म्हणाले. "सगळं भरल्यालं हाय." वसुंधरा ताटं उचलायला लागली. आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं आणि त्यानेच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

शनिवारी संध्याकाळी सालोमी वर आली. ती तळमजल्यावर राहते, ऑर्डरचे केक करते. एका हातात केकच्या तुकड्याची झाकलेली बशी आणि दुसऱ्या हातात आमचा एक जुना स्टीलचा डबा. "वहिनी, हा डबा राहिला होता माझ्याकडे. काका यातूनच साखर आणून द्यायचे. तुमच्या साखरेवर माझे दोन महिने निघाले बघा. मी पैसे देत होते, काका घेईनात. म्हणाले, घरात पडून असते, दोन-दोन डबे."

सालोमी गेली. मी बायकोकडे बघितलं. खरं तर माझी माफी मागायला हवी होती तिने, पण ती वेळ नव्हती. ती सरळ बाबांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या खाटेवर बसली.

"बाबा, साखर का दिलीत?"

बाबा खाली बघत म्हणाले, "दुकानात जायला निमित्त नको?"

"मग नुसतं जायचं. फिरायला जायचं. कोण अडवतंय?"

"नुसतं कसा जाऊ? हातात पिशवी नसली की मानूस रिकामटेकडा दिसतो. पिशवी असली की हंसाबेन विचारते, काका, आज काय? वॉचमन विचारतो, काका, काय आनलं? इथं मला कोन वळखतो, सुनबाई? पिशवीला वळखतात." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "तुझी पद्धत चांगली हाय. तुला आराम हाय. त्यात माझं काम ऱ्हायलं नाय, एवढंच."

वसुंधरा उठून स्वयंपाकघरात गेली. मला तिचा जरा रागच आला. अगं, दोन शब्द बोलायचे, राहा म्हणायचं. आतून डब्यांचा आवाज येत राहिला. हिला आत्ताही डबेच सुचतायत, असं मनात म्हणत मी झोपायला गेलो.

रविवारी सकाळी उठलो तर बाबांचं आवरून झालेलं. दोन धोतरं, सदरे, औषधांची पुडी, सगळं त्याच कापडी पिशवीत भरलेलं. पिशवी खाटेवर आणि बाबा तिच्याशेजारी. मी काही बोलणार तेवढ्यात वसुंधरा आली. तिने पिशवी उचलली, त्यातले कपडे खाटेवर ओतले आणि रिकामी पिशवी बाबांपुढे धरली.

"बाबा, चहा पावडर संपलीय. आलंही नाहीये. घेऊन या आधी."

बाबांनी दाराकडे बघितलं. चपलांच्या कपाटावर चहाचे दोन्ही डबे पालथे होते, स्वच्छ घासलेले. कालच तर भरलेले बघितले होते मी. त्यांनीही बघितले असणार. ते उठून तिथे गेले आणि दोन्ही डबे अंगठ्याने चाचपून सुनेकडे बघत राहिले.

"शनिवारी आननार नाय तू?"

"नाही. चहाला, आल्याला आणि कोथिंबिरीला यापुढे डबा नाही. ते रोजचं रोज. मला नाही जमणार, तुम्हीच बघायचं."

बाबांनी पिशवीची घडी घातली, काखेत मारली आणि चपला शोधायला लागले. ते जिना उतरल्याचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. मग मी ओट्याजवळ गेलो. मोठ्या पातेल्यावर ताट झाकलेलं होतं. ताट उचललं. खाली दोन डबे चहा पावडर.

"बघू नका असे," वसुंधरा म्हणाली. "आधण ठेवा. ते काही तासाभराच्या आत येत नाहीत."

मी त्या पातेल्यातलीच दोन चमचे पावडर घेतली. तिने माझ्या कपात न मागता साखर घातली. बाबा खरंच तासाभराने आले. आलं, चहा पावडर, आणि न सांगितलेली कोथिंबीर. "हंसाबेन विचारत होती, इतके दिस कुठं व्हता," ते म्हणाले आणि त्यांनी पिशवी दारामागच्या खिळ्याला लावली. कपडे खाटेवर तसेच पडलेले होते. ते वसुंधरेने घडी करून कपाटात ठेवले.