डाव्या हाताची मूठ

ताराबाईचा राग आष्टीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होता. कोयत्याची धार गेली म्हणून कुणी तो परत आणला, की ती आधी माणसाकडं बघायची. "दगडावर मारलास काय रं? ऊस हाय का खडी?" नवरा अजिनाथ होता तेव्हा तो सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि ती घण घालायची. तो गेल्यावर भट्टी विझणार, असं लोक बोलू लागले. तिनं सांडशी आपल्या हातात घेतली, घण जावेच्या, मंगलच्या हातात दिला, आणि बोलणारे दसऱ्याआधी कोयते घ्यायला तिच्याच दारात येऊन बसले.

कारण तिचा कोयता मापाचा असे. ती दोऱ्यानं हात मोजायची. एक गाठ तळव्याच्या रुंदीला, दुसरी अंगठ्याच्या लांबीला. त्या बेतानं बाभळीची मूठ तासायची. डावऱ्या माणसाची मूठ वेगळी, उलट्या अंगाला उतरती. अशा मुठी तिनं उभ्या जन्मात चारच केल्या होत्या. त्यातली एक पोटच्या पोराची, भारतची.

भारत एकोणीस वर्षांचा. दहावीला गणितात अडकला तो अडकलाच. तेव्हा रस्त्यांची कामं जोरात निघाली होती. गावात टेलिफोनची पिवळी पाटी लागली होती आणि गुत्तेदार आप्पारावच्या गच्चीवर डिश बसली होती. त्याच्या नव्या जीपवर भारत पुसायला-धुवायला लागला. डिशवर आप्पारावनं कुठल्याशा परदेशी शिकाऱ्याच्या कमरेला सुरा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी तो भट्टीवर हजर झाला.

"ताराबाई, असा सुरा कर की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. लोखंड जीपच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. मुठीला हे शिंग."

शिंग काळविटाचं होतं. ताराबाईनं त्याला हात लावला नाही. "कशाला पायजे?"

"शिकारीला. भाजी चिरायला तुझ्याकडं कावून येईन?" तो हसला, उजव्या हातानं चहाचा पेला उचलून प्यायला आणि निघाला. जाड पंजा, दोन अंगठ्या. मापाचा दोरा काढेपर्यंत जीप सुरू झाली होती. "माप पाठवतो," तो आतूनच ओरडला.

माप घेऊन भारत आला.

"माय, सायबांचं माप. मूठ डावरी पायजे म्हनले."

तिनं दोरा ताणला. खुंटीवरच्या दोऱ्यांतून तिनं एक जुना दोरा काढून त्याला लावला. गाठीवर गाठ बसली.

"आप्पाराव कंच्या हातानं जेवतो रं?"

भारत चपलेनं राख उकरू लागला.

"इचारलं मी!"

"उजव्या."

"मग ही मूठ कुनाची?"

"माय, बंदूक तेच चालवनार हायेत. मला निस्तं मान कापून कातडं काढायचं हाय. दिवाळीनंतर डायवर करतो म्हनले."

"निस्तं?" तिचा आवाज चिरला. "निस्तं, व्हय रं मुडद्या?"

गेल्या साली पलीकडच्या गावात हेच घडलं होतं. जंगलखात्याची माणसं आली, बंदूकवाले जीपमध्ये बसून पसार झाले. सापडला तो कातडं सोलत बसलेला गडी. त्याची बायको अजून लेकरू कडेवर घेऊन तारखांना जाते. भारतला हे माहीत होतं. तरीही त्यानं आपला हात मोजून दिला होता, आणि तो दोरा आईकडंच आणला होता. ताराबाईला आप्पारावचा राग आला, त्याहून दुप्पट ह्या पोराचा.

"सरळ न्हाई म्हना," मंगल म्हणाली.

"मी न्हाई म्हनलं तर नगरला करून घेईल. माप हेच देईल."

तिनं सुरा करायला घेतला. तीन दिवस भारतला भात्यावर बसवलं. पाटा तापला, मंगलचा घण पडत राहिला, पातं लांबत गेलं. पाणी असं दिलं की नखावर टेकवलं तरी धार कळावी. आयुष्यात असं पातं तिच्या हातून निघालं नव्हतं, आणि त्याचाही तिला संताप येत होता. मग त्या शिंगाची मूठ. ती तिनं उजव्या हाताची केली, जाड पंज्याची. पेला धरलेला हात तिच्या डोळ्यापुढं होता, दोऱ्याची गरज नव्हती. शेवटी सुरा घेऊन ती भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडं गेली.

बाजारच्या दिवशी आप्पाराव आला. सुरा हातात घेताच त्याचा चेहरा खुलला. मूठ पंज्यात चपखल बसली होती. मग त्यानं पातं फिरवलं. पात्यावर ठिपक्याठिपक्यांनी त्याचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट, खाली गाव आष्टी.

"हे काय गं? आन् माप मी दुसरं दिलतं!"

"ते तुमचं नव्हतं. सांगनारे तुमी, शिंग तुमचं, शिकार तुमची. मग हात बी तुमचाच."

"नाव काढ आधी."

"भांड्यावरचं नाव कुनी काढतं का मालक? हरवलं तर लोक घरी आनून देतील. तुमच्याच घरी."

कोयते घ्यायला बसलेल्या ऊसतोड टोळीत कुणीतरी फिसकन हसलं. आप्पारावनं सुरा राखेत भिरकावला. "तुझ्या पोराला उद्यापासून येऊ नको म्हनावं."

"आजपासूनच," ताराबाई म्हणाली.

भारत आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. ताट ओढून घ्यायचा, जेवायचा, बाहेर जायचा. नवव्या दिवशी दारातूनच फेकल्यासारखं बोलला, "माझ्या जागी बंकट लागलाय. वत्सलाबाईचा. काल सायबांबरोबर नगरला गेलता. सुऱ्याचं माप द्यायला. झालं समाधान?"

ताराबाईनं सांडशीतलं लाल लोखंड तसंच पाण्यात बुडवलं. पलीकडच्या गल्लीतल्या वत्सलाबाईला तो एकच लेक होता. आणि त्याच्या हाताचं माप गेलं होतं.

तिनं सांडशी आपटली, राखेतून उचलून फळीवर ठेवलेला सुरा उतरवून फडक्यात गुंडाळला आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघालीस?" भारतनं विचारलं.

"वत्सलाबाईकडं. तिला वाचता येतं. हे नाव दाखवते, आन् ते कावून घालावं लागलं ते सांगते." दोन पावलं जाऊन ती वळली. "तू बी चल. आपल्या तोंडानं सांग, तुला काय सोलायला नेनार व्हते ते."

भारत उंबऱ्यातच घुटमळला. ती थांबली नाही. ती कोपऱ्यावर पोचली तेव्हा मागं चपला वाजल्या.