तेलीबांध्याचे देवदूत
जुन्या कादंबरीचा कुबट वास आला, की मला तेलीबांध्याचा तलाव दिसतो. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, नाताळची सुट्टी होती, आणि चौबे कॉलनीतल्या एका मुलीने वाचायला दिलेली प्रेमकथा मी तिथे तिला परत करत होतो. त्या कादंबरीत अडलेल्या प्रेमिकांना देवदूत मदत करतात. माझं घोडं मात्र तिला लग्नाचं विचारण्यापाशीच अडलेलं. "आपल्यासाठी काहून कोणी येऊन नाही राहिलं?" मी कसंबसं पुटपुटलो. तेवढ्यात पाण्यावरून बगळ्यांचा अख्खा थवा उठला, आभाळ पांढरं झालं, आणि मी चक्क हात जोडले. "आले न तुह्ये देवदूत," ती हसली, "आता तरी विचार." मी विचारलं. "हव," ती म्हणाली. ते नुसते बगळे होते, असं बायको आजही सांगते. मला अजून तितकीशी खात्री नाही.