विहीणबाई काच बघायला जातात

आमच्या विहीणबाईंना बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या निफाड तालुक्यात सापडायचा नाही, आणि कुणी पाहिलंय म्हणालाच तर त्याने दुसरंच कुणीतरी पाहिलेलं असणार. माझ्या मुलीच्या, अनघाच्या, या सासूबाई. पिंपळगाव बसवंतला त्यांचं द्राक्षांचं पॅकहाउस आहे. पाटीवर नाव व्याह्यांचं, पण बायका खोक्यांत द्राक्षं भरत असतात तेव्हा विहीणबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा फिरत असतात, की पंखे बंद असले तरी वारा लागतो. आमच्याकडे गंगापूर रोडला आल्या की चहा उभ्यानेच घेतात, आणि मी कपबशा विसळून बाहेर येईपर्यंत माझे पडदे काढून धुवायला टाकलेले असतात. लग्नाच्या बैठकीत सगळे मानपानाचं बोलत होते तेव्हा या आमच्या स्वयंपाकघरात कुकरचा ढिला झालेला दांडा घट्ट करत होत्या. "तुमचं चालू द्या ओ, मला हितनं ऐकू येतंय," असं म्हणत त्यांनी मुलगी पसंत केली. मी बँकेतून निवृत्त झालेली, जन्म खुर्चीत गेलेला. त्या आल्या की मला बसल्याबसल्याच दम लागतो.

लग्नानंतर अनघाने काचकाम शिकायला जपानला जायचं ठरवलं तेव्हा पिंपळगावात बरीच कुजबुज झाली. विहीणबाईंनी एका वाक्यात ती बंद केली. "शिकू द्या पोरीला, काय पळून चाललीय का?" शिक्षण संपत आलं आणि तिचा फोन आला. तिथल्या कलादालनात जपानी काचकलेचं मोठं प्रदर्शन होतं, त्यात तिचीही कामं मांडणार होते, तेव्हा आम्ही दोघींनी यायलाच हवं. पॅकहाउस कुणीतरी बघायला हवं म्हणून जावई मागे राहिले आणि आम्ही दोघी विहिणी निघालो.

निघण्याआधी अनघाने मला एकटीला आणखी एक गोष्ट सांगितली होती. तिच्या शिक्षिकेने तिला अजून दोन वर्षं थांबायला सांगितलं होतं, आणि ती थांबणार होती. नवऱ्याशी बोलणं झालं होतं. "पण मम्मींना मी समोरासमोर सांगेन. आई, तोवर तू काही बोलू नकोस." आणि विमानतळावर विहीणबाई आल्या त्या आपल्या बॅगेबरोबर एक भलीमोठी रिकामी बॅग घेऊन. "येताना पोरीचं सामान आणायला नको का?" म्हणाल्या. मी घाईघाईने पासपोर्ट तपासायला लागले.

विमानात त्यांनी जेमतेम पट्टा सुटेपर्यंत दम धरला. मग ज्या उठल्या त्या मागे हवाईसुंदरींच्या कोपऱ्यात जाऊन जेवणाचे ट्रे रचू लागल्या. "एकटीनं कितींचं उरकायचं त्या पोरीनं?" त्यांना जागेवर आणायला दोन माणसं लागली, तरी येताना एका परक्या बाईचं रडणारं बाळ त्या उचलून घेऊन आल्याच. तिथल्या आगगाडीत आमचं स्टेशन यायच्या कितीतरी आधी त्या दाराशी उभ्या. अंगावर नऊवारी, पायांत बूट, वरून मुलाचं जाकीट. लोक वाकून नमस्कार करत, त्याही वाकत, समोरचा पुन्हा वाके, आणि याही माघार घ्यायच्या नाहीत. शेवटी मी ओढून न्यायची.

प्रदर्शनात पाऊल टाकलं, तर चहूकडे काच. कांद्याच्या पातीइतकी पातळ भांडी, दव गोठल्यासारखे गोळे, आणि त्यांच्यामधून आमच्या विहीणबाई. त्यांनी स्वतःच दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते, पण पाय कुठे गुंडाळणार? एक देखणा रखवालदार तोंडावर हसू ठेवून त्यांच्या मागे मागे फिरत होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. अनघाच्या कामांपाशी त्या थांबल्या. हिरवट पसरट ताटं होती, आत बारीक बुडबुडे अडकलेले.

"ह्यात काय वाढायचं?"

"काही नाही, मम्मी. नुसतं बघायचं."

"नुसतं?" त्यांनी ताटाभोवती एक फेरी मारली, मग उलटी मारली. "बरं. चांगलं दिसतंय."

अनघा माझ्याकडे बघत होती. तिने दोन वर्षांचं अजून सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला भट्टी दाखवायला नेलं. सत्तरीच्या तिच्या शिक्षिका तिथे होत्या. लांब लोखंडी नळीच्या टोकावर तापलेली काच मधासारखी लोंबत होती, आणि ती नळी सारखी फिरवत राहायची, थांबलं की काच खाली ओघळते. हे ऐकल्यावर विहीणबाईंचा चेहरा जो उजळला तो मी जन्मात विसरायची नाही. "म्हणजे थांबायचंच नाय? द्या हिकडं!" नळी बाकावर टेकवून त्यांनी उभ्यानेच ती अशी फिरवली, की त्या शिक्षिका टाळ्या वाजवायला लागल्या. कौतुकाने त्या आपल्या फोनमध्ये जपानीत काहीतरी बोलल्या आणि फोन विहीणबाईंपुढे धरला. फोनमधली भाषांतर करणारी बाई पुस्तकी मराठीत म्हणाली, "आपली सून आणखी दोन वर्षे येथे राहणार आहे, याचा आम्हांस अत्यंत आनंद आहे."

विहीणबाईंचे हात थांबले. काच वाकली, लांबली आणि जमिनीवर ओघळली.

त्यांनी नळी नीट अनघाच्या हातात दिली आणि त्या बाहेर पडल्या. मी मागे धावले. बाहेरच्या कालव्याच्या कडेने त्या अशा चालत होत्या, की मला धाप लागली.

"विहीणबाई, थांबा ओ!"

थांबल्या. "माझ्या पोराला माहिती हाय?"

"हो."

"तुम्हालाबी?"

मी मान डोलावली. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. पाय मात्र जागच्या जागी चाललेलेच. "मला का नाय सांगितलं? मी काय बांधून ठेवणार होते का तिला?" मग म्हणाल्या, "मला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म भरलेला. घरात सगळे म्हणाले, हिला एका जागी बसवा आधी. लग्न लावलं." आणि एकदम हसल्या. "बसले का मी?"

आम्ही परतलो तेव्हा अनघाचे डोळे सुजलेले होते. विहीणबाईंनी तिच्या पाठीवर एक धपाटा घातला. "रडती कशाला? ऱ्हा दोन वर्षं. पर माझ्या पोराला मधनंमधनं बोलाव हिकडं, तो तिथं नुसता मोबाइल बघत बसतो. आणि दे ती नळी, मघाचं माझ्यामुळं वाया गेलं." त्यांनी दुसरी काच फिरवली. वाटी झाली, एका बाजूला पार कलंडलेली. रिकामी बॅग त्यांनी तिथेच ठेवली आणि जाकीटही अनघाच्या अंगावर घालून आल्या.

आता दोघींची घरं मोकळी मोकळी असतात. जावई हंगाम संपला की तिकडे जाऊन राहतात. परवा विहीणबाई सकाळीच दारात उभ्या. "चला, वणीला जाऊन येऊ." वाटेत त्यांनी ड्रायव्हरला रस्ता शिकवला, टोमॅटोचा भाव विचारायला गाडी थांबवली, माझी पर्स उपसून लावून दिली.

"विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "येईल ना ओ ती परत?"

"येईल की," मी म्हटलं. खात्री मलाही नव्हती.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "नाय आली तर आपण जाऊ," म्हणाल्या. "थंडी सोसते मला." आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. वणी आली, देवीचा डोंगर दिसायला लागला, तरी आम्ही दोघींनीही तो सोडवून घेतला नाही.